दोनशे चौदा बाद कप्पे

१

संगणकाचं पोट उघडं होतं आणि आतली हार्ड डिस्क गायब होती.

चिमटाबाईने टॉर्चचा झोत आत टाकला, एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहायची तिची पद्धत नव्हती. नसलेली वस्तू तिसऱ्या नजरेला उगवत नाही. तिने अंबाड्यात खोचलेला चिमटा काढला, आत लोंबणारी रुंद पट्टीची वायर त्याने वर उचलली आणि मागे न वळता विचारलं, "कुणी काढली?"

मागे तिघं उभे होते आणि एक जण बसलेली होती. उभ्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या म्हातारीकडे कुणी पाहिलं नाही. आठ महिन्यांपूर्वी तिची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि तेव्हापासून घरातले लोक तिला भरवत होते, पुसत होते, उन्हात नेऊन बसवत होते. सगळं करत होते. पाहत तेवढे नव्हते.

घराच्या मागच्या बाजूला ही लांब खोली होती. तीत स्वेटर विणायचं यंत्र होतं, दोन खाटा एकापुढे एक लावाव्यात एवढं लांब. यंत्राला काय विणायचं ते सांगणारा संगणक शेजारच्या टेबलावर. यंत्र पंचवीसेक वर्षांचं जुनं, संगणक तितकाच, आणि या म्हातारीने आयुष्यभर काढलेली सगळी डिझाइनं त्याच्या डिस्कवर. दाराशी लाकडी खोक्यात नवं यंत्र येऊन पडलं होतं. जुनं यंत्र, टेबल, संगणक, सगळं आज चार वाजता भंगाराच्या गाडीत जायचं होतं.

निर्णय थोरल्याचा. गेल्या आठवड्यात यंत्र विणता विणता दोनदा अडलं, म्हणून त्याने डिस्क तपासायचा प्रोग्राम चालवला. प्रोग्रामने सांगितलं, दोनशे चौदा कप्पे बाद. थोरल्याने तिथेच हात झटकले आणि चिमटाबाईला फोन केला. आईची डिझाइनं तेवढी दुसरीकडे उतरवून द्या, मग डबा भंगारात.

चिमटाबाई जुन्या डिस्क वाचवायची कामं करायची. कुठल्या कॉलेजात शिकली नव्हती. पहिली डिस्क तिने स्वतःची मारली, दुसरी नवऱ्याची, आणि तिसरी वाचवली तेव्हापासून लोक तिच्याकडे यायला लागले. तोंडाची फटकळ होती. जुनं झालं म्हणून टाका, हे वाक्य ऐकलं की तिच्या कपाळाची शीर उडायची.

"काल संध्याकाळी झाकण मीच काढून ठेवलं," थोरला म्हणाला. "तुमचा वेळ वाचावा म्हणून. तेव्हा डिस्क आत होती."

"आणि सकाळी?"

"आठ वाजता होती. मी पाहिली. मग सगळे नाश्त्याला आत गेलो. तुम्ही आलात दहाला."

म्हणजे दोन तास. या खोलीचं बाहेरचं दार आतून बंद. चिमटाबाईने संगणकाच्या पोटातून दोन स्क्रू वेचले आणि तळहातावर घेतले. फुलीच्या खाचेचे साधे स्क्रू. पण दोन्हींच्या खाचा चेपलेल्या, कडेने सोललेल्या, आणि त्यांना पिवळं काहीतरी लागलेलं. तिने नखाने खरवडून पाहिलं.

पितळ.

स्क्रूड्रायव्हर पितळेचे नसतात.

२

तिने प्रत्येकाला वेगळं गाठलं. घरच्या माणसांना एकत्र विचारलं की ते एकमेकांची वाक्यं पूर्ण करतात, आणि खोटं अशा दुसऱ्याने पूर्ण केलेल्या वाक्यांत सुरक्षित बसतं.

धाकटा अंगणात भेटला. जुनं यंत्र चालवायचं काम त्याचं. त्याच्यावरच सगळ्यांचा संशय, कारण नाश्त्याच्या ताटावर त्यानेच आवाज चढवला होता की यंत्राला भंगारात घालायचं तर आधी मला घाला. डिस्क मी काढली असती तर दादाच्या नाकासमोर काढली असती, तो म्हणाला, आणि ते चिमटाबाईला पटलं. पण तो नाश्ता अर्धा टाकून उठला होता. कुठे गेला होता? कोपऱ्यावर, सिगारेट ओढायला. आईला कळू नये म्हणून.

"आईला कळलं तर ती काय करणार आहे आता?"

धाकट्याने जमिनीकडे पाहिलं. मग आपणहून सांगत सुटला. आईचं डोकं आता ठिकाणावर नाही असं डॉक्टर म्हणत नाहीत, पण घरात सगळे तसंच धरून चालतात. हो विचारलं तरी मान डोलावते, नाही विचारलं तरी डोलावते. तिच्याकडे एक जुनी वही आहे, विणकामाच्या आकड्यांची. आठ महिने ती दिसेल त्याच्या हातात ती वही कोंबते. सगळ्यांना वाटलं, तिला विणायचंय. म्हणून तिला लोकर दिली, सुया दिल्या. त्या ती फेकून देते आणि पुन्हा वही पुढे करते.

"मी म्हटलं, आपणच विणून दाखवू तिला," धाकटा म्हणाला. "पहिली ओळ काय? अठ्ठेचाळीस हजार एकशे सतरा, आणि पुढे सात. आता सात टाके रुंद आणि अठ्ठेचाळीस हजार ओळी लांब म्हणजे काय विणायचं, बाई? मफलर? सापाला?"

चिमटाबाई हसली नाही. तिने तो आकडा मनात ठेवला.

वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, तयार मालाच्या टेबलाशी स्वेटरांच्या घड्या घालत होती. तिच्याकडेही कारण होतं आणि ते तिने लपवलं नाही. नव्या यंत्रासाठी नवी डिझाइनं ती काढणार होती. सासूबाईंची जुनी नाहीशी झाली तर सगळं तिचंच चालणार. "पण मला त्यांचीच नक्कल करून शिकायचंय," ती म्हणाली. "ती गेली तर मी कशावरून शिकू?"

थोरला एवढा का तुटक वागतो, असं विचारल्यावर तिने आधी दाराकडे पाहिलं, आणि मग हात न थांबवता सांगितलं. सासरे कडक होते. डिस्क लहान, जागा कमी, म्हणून दर महिन्याअखेरीला ते स्वतः संगणकापुढे बसायचे आणि जे विकलं जात नाही ते पुसून टाकायचे. यांना सोळाव्या वर्षी डिझाइनं काढायचा नाद लागला होता. तीस-एक काढली होती. सासऱ्यांनी एका दुपारी यांना शेजारी उभं करून एकेक पुसली. पोरखेळ म्हणाले. सासूबाई मागे उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत.

"त्या दिवसानंतर यांनी पेन्सिल धरली नाही. आणि आईंशी गरजेपुरतंच बोलतात. बावीस वर्षं झाली. जेवलीस का, औषध घेतलंस का, एवढंच."

"आणि सासूबाई? त्यांनी डिझाइनं काढणं सोडलं नाही?"

"छे. त्या आधीपासूनच संगणकाला चिकटलेल्या. दुरुस्तीला इंजिनिअर यायचा ना, त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसायच्या. प्रश्न विचारून भंडावून सोडायच्या. तो एकदा चहा पिताना म्हणाला, तुमच्या सासूबाईंना मी नोकरीलाच घेऊन जातो."

राहिला थोरला. त्याची जबानी सर्वांत छोटी होती. मला त्या डिस्कवरचं काही नकोय, तो म्हणाला, आईची डिझाइनं आईसाठी हवीत. तुम्ही दुसरी डिस्क आणा, जमेल ते करा, नाहीतर सोडून द्या. चारला गाडी येणार ती येणार.

"तुमचं स्वतःचं काहीच नाही तिच्यावर?"

"माझं जे होतं ते पुसलं गेलं," थोरला म्हणाला आणि उठला.

तेवढ्यात चिमटाबाईचं लक्ष पुन्हा त्या लोंबणाऱ्या वायरीकडे गेलं. वायरीच्या टोकाला प्लास्टिकची कडी असते. ती एका बाजूला तडकली होती. फक्त एका बाजूला.

३

ही जुनी रुंद वायर काढायची एक रीत असते. दोन्ही हातांनी दोन्ही टोकं धरायची आणि सरळ ओढायची. सरळ ओढली तर निघते. एका हाताने ओढली तर एक बाजू आधी सुटते, दुसरी अडकते, कडी तडकते, आणि डिस्कच्या शेवटच्या पिना वाकतात. नवशिका माणूस घाबरून दोन्ही हात लावतो. जाणता माणूस सवयीने दोन्ही लावतो. एका हाताने ओढतो तो ज्याला दुसरा हात नाही.

चिमटाबाई म्हातारीच्या खुर्चीसमोर उकिडवी बसली.

खुर्चीच्या हाताला एक पिशवी लटकत होती. तीत यंत्रावरचे सुटलेले टाके उचलायची पितळी सुई, चपट्या टोकाची. टोक झिजून चमकत होतं. मांडीवर लोकरीचा भलामोठा गुंडा होता, कलिंगडाएवढा. आठ महिने जी बाई लोकर फेकून देत होती, तिने आज लोकर मांडीवर घेतली होती आणि डावा हात त्यावर असा ठेवला होता, जसा आपण गर्दीत पाकिटावर ठेवतो.

"आजी," चिमटाबाई हळूच म्हणाली, "सकाळी यांनी तुम्हाला इथेच, टेबलाशेजारच्या खिडकीपाशी उन्हात बसवलं होतं ना?"

म्हातारीने मान डोलावली. त्या मानेवर विसंबायचं नव्हतं, म्हणून चिमटाबाई हाताकडे पाहत राहिली. हात गुंड्यावर घट्ट झाला.

मागून धाकटा म्हणाला, "आई? अहो, तिला चमचा धरता येत नाही."

"उजव्या हाताने," चिमटाबाई म्हणाली. "डाव्याने धरता येतो की नाही हे तुम्ही तिला कधी धरू दिलाय?"

तिने आपला तळहात पुढे केला आणि वाट पाहिली. ओढलं नाही, सोडवलं नाही. मिनिटभर गेलं. म्हातारी तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, मग अंबाड्यातल्या चिमट्याकडे, मग तिच्या बोटांवरच्या सोल्डरच्या डागांकडे. डागांवर नजर बराच वेळ थांबली. मग डाव्या हाताने गुंडा उचलला आणि चिमटाबाईच्या हातात ठेवला.

लोकर सोडवताना चिमटाबाईच्या मनात शिव्या उमटत होत्या. लोकरीत डिस्क गुंडाळणं म्हणजे तिला ठार मारायचा साधा उपाय. लोकर घासली की वीज साठते, आणि तेवढा एक झटका जुन्या डिस्कला पुरतो. शेवटचा वेढा निघाला आणि तिच्या शिव्या थांबल्या.

आत डिस्क होती, पण लोकरीला टेकलेली नव्हती. चंदेरी, चकाकत्या पिशवीत होती. संगणकाचे सुटे भाग ज्या पिशवीत येतात, ती. तिच्यामुळेच असली वीज आतल्या वस्तूपर्यंत पोचत नाही. ती पिशवी हजारात एखाद्याला ओळखता येते, बाकीचे तीत लवंगा ठेवतात.

चिमटाबाईने म्हातारीकडे पाहिलं. ही चोरी बिघडलेल्या डोक्याने केलेली नव्हती. या खोलीत डिस्कबद्दल सगळ्यात जास्त कळणारी बाई ही होती.

मग एक प्रश्न उभा राहिला, आणि तो चोरीपेक्षा मोठा होता. डिझाइनं उतरवून घ्यायला चिमटाबाई येणार हे म्हातारीला माहीत होतं. तिच्यासमोरच फोन झाला होता. तिची डिझाइनं वाचणारच होती. तरीही तिने एका हाताने, पितळेच्या सुईने, स्क्रू सोलत डिस्क पळवली.

कशापासून वाचवायला?

४

वाकलेल्या तीन पिना चिमटाबाईने चिमट्याने एकेक सरळ केल्या, श्वास रोखून, आणि डिस्क आपल्या संगणकाला जोडली. साडेअकरा वाजले होते.

थोरला पाठीशी उभा राहून सल्ले देत होता. दुरुस्तीचा प्रोग्राम चालवून बघा. फॉरमॅट मारून बघा. त्याच्या एका मित्राने तसं केलं होतं.

"आणि मित्राची डिस्क आता कुठे आहे?"

थोरला अर्धं पाऊल मागे सरकला.

"धाप लागलेल्या माणसाला आधी जिना चढवत नाहीत," ती म्हणाली. "आधी पूर्ण नक्कल. उपचार, दुरुस्ती, जे काय करायचं ते नकलेवर. मूळ डिस्कला एकदाच त्रास द्यायचा, आणि तोही हलक्या हाताने."

तिची नक्कल करायची तऱ्हा ठरलेली होती. धडधाकट भाग आधी उचलायचा. जिथे डिस्क अडखळेल तिथे हट्ट न करता पुढे निघायचं. शेवटी उरलेल्या दुखऱ्या जागांकडे परत यायचं, थोडं थोडं, कधी उलट्या बाजूने. लोक नेमकं उलट करतात. दुखऱ्या जागीच डोकं आपटत बसतात आणि त्या नादात चांगलंही घालवतात. हे डिस्कबद्दल आहे असं ती म्हणायची.

डिस्क गुरगुरत वाचायला लागली. चिमटाबाईने डोळे मिटले. ती डिस्क कानाने ओळखायची. खराब जागा आली की डिस्क लपवू शकत नाही. टक् असा आवाज येतो, पुन्हा टक्, डिस्कचं वाचणारं डोकं मागे जातं, पुन्हा येतं, दहादा प्रयत्न करतं. चांगल्या डिस्कचा एक लांब, सलग श्वास असतो.

एकदा अडखळली. मग दोनदा. दुपारी दीडपर्यंत सगळी वाचून झाली, तेव्हा चिमटाबाईच्या समोरच्या कागदावर सहा रेघा होत्या. सहा जागा. परत फिरून तिने त्यातल्या चार वाचून काढल्या, दोन गेल्या त्या गेल्या.

सहा.

तिने डिस्कची स्वतःची नोंद उघडली. प्रत्येक डिस्क आपल्या दुखण्याची डायरी आतल्या आत ठेवते, आणि तिथे कुणाला हात घालता येत नाही. डायरीत लिहिलं होतं, वाचता न येणारे सेक्टर, म्हणजे कप्प्यांमधले लहान तुकडे, सहा. यंत्र ज्या फाइलवर अडत होतं ती नेमकी त्यांतल्या दोन जागांवर होती. इथपर्यंत सगळं जुळत होतं.

मग तिने दुसरी वही उघडली, संगणकाची. डिस्कवर कुठल्या कप्प्यात काय आहे याची यादी संगणक वेगळी ठेवतो. एखादा सेक्टर सडला की तो ज्या कप्प्यात आहे त्या अख्ख्या कप्प्यावर यादीत 'बाद' असा शिक्का मारतो, आणि मग जन्मात तिकडे फिरकत नाही. तिथे काही लिहीत नाही, तिथलं काही पुसत नाही. थोरल्याने पाहिली होती ती हीच यादी. बाद कप्पे दोनशे चौदा.

म्हणजे दोन साक्षीदार, दोन जबान्या. डिस्क म्हणत होती, मला सहा जखमा आहेत. यादी म्हणत होती, दोनशे चौदा. आणि चिमटाबाईचे कान डिस्कच्या बाजूने होते. उरलेल्या दोनशे आठ कप्प्यांवरून डिस्क गुळगुळीत गेली होती, एक उचकीही न लागता.

दोनशे आठ निरोगी कप्प्यांवर कुणीतरी हाताने 'बाद' असा शिक्का मारला होता.

तिने एक कप्पा उघडून पाहिला. रिकामा नव्हता. खच्चून भरलेला होता.

खुर्चीतून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. म्हातारीने वही जमिनीवर टाकली होती, आणि डाव्या हाताने ती चिमटाबाईकडे ढकलू पाहत होती. हात पोचत नव्हता.

५

वहिनीने सवयीने वही उचलली आणि पुन्हा म्हातारीच्या मांडीवर ठेवायला गेली. "विणायचंय का, आई?"

"द्या इकडे," चिमटाबाई म्हणाली, जरा जोरातच.

साधी दोनशे पानी वही. पुढची पानं खरोखरच्या विणकामाची, रंगांच्या खुणा, टाक्यांची चित्रं. मधोमध एका पानावर फक्त आकडे. एका ओळीत दोन. पहिला मोठा, दुसरा लहान. वर शीर्षक नाही, स्वेटरचं माप नाही, रंग नाही.

४८११७ – ७
४८१२४ – ६
४८१३० – ७

धाकट्याला साप आठवला ती हीच ओळ. चिमटाबाईला विणकामातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तिचं तेच नशीब. विणणाऱ्या घरातल्या प्रत्येकाने आकडा पाहिला की त्याला टाके दिसत होते. तिला साधी बेरीज दिसली. अठ्ठेचाळीस हजार एकशे सतरात सात मिळवले की दुसऱ्या ओळीचा पहिला आकडा येतो. त्यात सहा मिळवले की तिसऱ्याचा. इथून सुरू, एवढी घरं, मग पुढचं इथून सुरू. हे पत्ते होते.

पानावर एकतीस ओळी होत्या. तिने पेन्सिल घेतली आणि उजवीकडचे लहान आकडे एकाखाली एक मिळवत गेली. अर्ध्यात चुकली, पुन्हा सुरू केलं. थोरला घड्याळाकडे पाहत होता. अडीच वाजले होते.

बेरीज आली दोनशे आठ.

चिमटाबाईने पेन्सिल खाली ठेवली आणि थोरल्याकडे वळून विचारलं, "तुम्ही किती डिझाइनं काढली होतीत?"

"काय संबंध?"

"आकडा सांगा."

थोरल्याचा चेहरा उतरला. आकडा त्याला पाठ होता, हे सगळ्यांना दिसलं.

"एकतीस," तो म्हणाला.

६

तिने त्याला स्टुलावर बसवलं. आईसमोर. उभं राहून ऐकायची गोष्ट नव्हती ती.

"तुमच्या वडिलांनी पुसली ती पुसली गेली," ती म्हणाली. "पण तुमची आई त्याआधीच तिथे पोचली होती. ते पुसणार हे तिला माहीत होतं. भांडून उपयोग नाही हेही. त्या दिवशी भांडून वाचवली असती तर पुढच्या महिनाअखेरीला तुम्ही नसताना पुसली असती. तिने इंजिनिअरला विचारून घेतलं असणार की संगणक कशाला कधीच हात लावत नाही. तो म्हणाला असेल, बाद कप्प्याला. मग तिने तुमच्या एकतीस डिझाइनांच्या नकला केल्या, एकामागून एक मांडल्या, आणि त्या कप्प्यांवर स्वतःच्या हाताने बाद असा शिक्का मारला. हे करायला मला दोन वर्षं शिकावं लागलं होतं. यादीतला एक आकडा चुकला असता तर अख्खी डिस्क गेली असती. नवऱ्यासकट."

धाकटा खुदकन हसला.

"पुढे महिन्यामागून महिने वडिलांचा झाडू फिरला. बाद कप्प्यांना कुणी झाडत नाही. जागा कमी पडायची तेव्हा ते चिडायचे असतील, पण डिस्क जुनी झाली म्हणत असतील."

"म्हणायचे," वहिनी म्हणाली. "अगदी हेच म्हणायचे."

"ते गेल्यावर सांगायचं होतं तिने," थोरला म्हणाला. आवाज कोरडा होता. "सहा वर्षं झाली त्यांना जाऊन."

"तुम्ही तिच्याशी काय बोलत होतात त्या सहा वर्षांत? औषध घेतलंस का?" चिमटाबाईने शब्द मऊ करायचा प्रयत्न केला नाही. "ती वाट बघत असेल तुम्ही विचाराल म्हणून. मग तिचं बोलणंच गेलं. तेव्हापासून ती तुम्हाला वही देते आहे. तुम्ही सगळे तिला लोकर देताय."

थोरल्याने वही स्वतःकडे ओढली.

"आणि आज मी येणार होते. मी काय करणार होते? नकलेतून यादीत असलेल्या फाइली तेवढ्या तुम्हाला उतरवून देणार होते. तिची डिझाइनं वाचली असती, सगळीच्या सगळी. तुमची यादीत नाहीतच. ती चारच्या गाडीत गेली असती. तिने डिस्क स्वतःच्या डिझाइनांसाठी पळवली नाही."

काम अजून राहिलं होतं. वहीतल्या पत्त्यांवरून चिमटाबाईने नकलेतले कप्पे उचलले, ओळीने जोडले, एकतीस फाइली केल्या. त्या सहा खऱ्या जखमांपैकी एक अगदी शेजारी होती, पण या कप्प्यांपर्यंत पोचली नव्हती. एकतीसही शाबूत. तिने आपल्याकडची, नक्कल उतरवलेली दुसरी डिस्क, तीही जुनीच पण निरोगी, संगणकाच्या पोटात बसवली, वायर दोन्ही हातांनी लावली, आणि धाकट्याला म्हणाली, चालव.

धाकट्याने पहिली फाइल लावली. यंत्र खडखडलं, थांबलं, आणि मग चालू लागलं, उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. खालून निळी पट्टी हळूहळू उतरायला लागली. तिच्यावर पांढरी बदकं होती. पायऱ्या चढत होती, एकामागे एक, माना वर करून.

चार वाजता बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दुसऱ्यांदा वाजला. थोरला उठला, बाहेर गेला, आणि त्याचं बोलणं आत ऐकू आलं नाही. गाडी रिकामी गेल्याचा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला. येताना त्याने दारातलं लाकडी खोकं खांदा लावून बाजूला सरकवलं, नव्या यंत्राला भिंतीशी जागा करून दिल्यासारखं.

धाकट्याने पट्टी कापून त्याच्या हातात दिली. त्याने ती आईच्या मांडीवर पसरली, आणि कितीतरी वर्षांनी तिच्या पायाशी जमिनीवर बसला.

"आई," तो म्हणाला. मग पट्टीकडे पाहून म्हणाला, "यात एक चूक आहे. बाबा त्यावरूनच हसले होते."

म्हातारीचं बोट त्याच्या आधी तिथे पोचलं होतं. सगळी बदकं वर चढत होती. पाचवं एकटं उलटं वळून खाली निघालं होतं, घरी काहीतरी विसरल्यासारखं. सोळा वर्षांच्या मुलाने घाईत उलटं काढलेलं. बावीस वर्षं आईकडे होतं, ते बदक वळवायला तिला पाच मिनिटं लागली नसती.

"आता संगणकावरच आहे," चिमटाबाई तिच्या पेटीत वायरी भरत म्हणाली. "सरळ करायचं असेल तर आत्ताच करून टाका."

म्हातारीने डावा तळवा त्या बदकावर ठेवला, आणि तो कुणाला उचलू दिला नाही.